उसना ड्रमसेट

जुलै. म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा.
डनेडिनच्या बंदरावर, जुन्या बोलिंग क्लबात
आज चार बँड. तिकीट दहा डॉलर,
नसतील त्याला पाच,
आणि ड्रमसेट चौघांत एकच : माझा.

माझा म्हणजे, वीस वर्षं वाजवला म्हणून.
उजवा खांदा लाकडाच्या वखारीत निकामी झाला,
तेव्हापासून हा उसना जातो,
शेजाऱ्याकडे शिडी जावी तसा.
फक्त शिडीबरोबर कुणी स्वतः जात नाही.
मी जातो.

पहिल्या 'ओले मोजे'. तिघी पोरी.
टॅम्सिनने स्टूल खाली केलं, अजून खाली,
झांजेकडे बघून आधी हसली, मग मारली.
चुकली. तशीच पुढे गेली.
गाणं बहुतेक घरमालकाबद्दल होतं.
शब्द कळले नाहीत,
भिंतीच्या ओलीचा वास मात्र आला.

मग 'उपमुख्याध्यापक'.
बेसवर रेवी. तिसऱ्यातही रेवीच, चौथ्यातही तोच;
मधल्या मध्ये शर्ट बदलतो
आणि जरा वेगळा उभा राहतो.
लॅकीने स्टूल वर घेतलं. पाय लांब, संयम तोकडा.
बास ड्रमला अशी लाथ घातली
की दारात मनगटांवर शिक्के मारणारी नायरी
वळून माझ्याकडे बघायला लागली.
मी मान हलवली : असू दे.

बाहेर कोण सिगारेट ओढतंय
आणि कोण नुसताच श्वास सोडतंय, कळेना.
खाली कंटेनरचं जहाज लागलेलं, पूर्ण उजळलेलं.
त्याचा जनरेटर सी शार्पमध्ये घुमतोय, असं मर्डो म्हणाला.
मर्डो साउंडवर बसतो.
त्याला सगळंच सी शार्पमध्ये ऐकू येतं.

तिसऱ्या बँडची दुसऱ्याच गाण्यात तार तुटली.
गाणाऱ्याने अंधारात विचारलं, "कुणाकडे आहे का?"
टॅम्सिनच्या मैत्रिणीने गिटार पुढे केली,
तिची तिच्या पद्धतीने लावलेली.
गाणं रागाचं होतं म्हणे.
निघालं भलतंच, कुणीतरी स्टेशनवर
उशिरा पोचल्यासारखं.
मागे बसलेली बाई तारांचे ब्रश घेऊन
माझ्या स्नेअरवर नुसती झाडत राहिली,
चहा सांडल्यावर टेबल पुसावं तसं.
त्यात तो आवाज होता.
वीस वर्षं त्यात होता.
मी बिअर खाली ठेवली.

चौथ्यांचा ड्रमर आलाच नाही.
टेकडीच्या रस्त्यावर बर्फ, गाडी आडवी.
सगळ्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं.
मी माझ्या बुटांकडे.
मग टॅम्सिन उठली. तिला एकही गाणं येत नव्हतं.
"रेवीचा पाय बघ," मी म्हणालो,
"तो हातापेक्षा खरं सांगतो,"
आणि स्टूल खाली केलं. उंची आता मला माहीत होती.

गालिचा मी घरीच विसरलो होतो.
गुळगुळीत फळ्यांवर बास ड्रम
प्रत्येक ठोक्याला बोटभर पुढे सरकायचा,
आणि ती त्याच्यामागे, स्टुलासकट, फरफटत.
दोन गाणी मी बघितलं.
तिसऱ्याला जाऊन त्याच्यापुढे फळ्यांवर बसलो,
पाठ टेकवून, लोकांकडे तोंड करून, मूर्खासारखा.
लोक म्हणजे उरलेले एकोणीस,
त्यातले अकरा स्वतःच मघाशी वाजवून गेलेले.

ठोका आधी बरगड्यांत लागायचा, मग कानात.
उजव्या खांद्यातही लागायचा,
सगळ्यात आधी तिथेच.
ती चुकली की मला पाठीत कळायचं,
सावरली की तेही.
एकदा चार मापं तिने काहीच वाजवलं नाही.
विसरली की मुद्दाम, अजून कळलेलं नाही.
त्या चार मापांत मी दम धरून होतो,
नायरी सांगते, डोळे मिटून.

साडेबाराला व्हॅन भरली.
लॅकीने सगळ्यात जड पेटी उचलली, न सांगता.
घरी आलो तर मनगटावर अर्धा शिक्का
आणि कानात एक बारीक शिट्टी.
सी शार्प असावी.
उद्या मर्डोला विचारतो.