सत्तावीस पायऱ्या

मिनोरीला मी काहीही न करायला आले होते.
डॉक्टरांनी तसं लिहूनच दिलं होतं, गोळ्यांच्या नावांखाली,
आणि तीन दिवस मी ते इमानानं पाळलं.
भाड्याच्या छत्रीखाली आडवी,
तोंडावर टोपी, टोपीवर ऊन.
छत्रीवाला कातेल्लो रोज सकाळी
दाताळ्यानं राखाडी वाळू विंचरायचा
आणि माझ्या खुर्चीशी आला की
झोपलेल्या म्हशीला घालावा तसा वळसा घालून पुढे जायचा.

भूक लागली की सत्तावीस पायऱ्या.
मोजायची सवय माझी, बँकेतली.
वर त्रोफिमेनाचं स्वयंपाकघर.
गावच्या संतिणीचंच नाव तिला. म्हणाली,
या गल्लीत हाक मार, चौघी ओ देतील,
जेवायला मात्र मीच वाढीन.

काय वाढलं ते सांगते,
नाहीतर कविता उपाशी राहील:
रिकोटाचे गुबगुबीत गोळे, प्रत्येकाच्या पोटात
तिच्या अंगठ्याचा खळगा, खळग्यात टोमॅटोचा रस.
तळहाताएवढं लिंबू, सालीसकट चकत्या, वर मीठ.
आणि शेजारच्या चेताराहून आलेली
काळपट सोनेरी पाण्याची एक बाटली.
पिंपात मासळी, मीठ, मासळी, मीठ,
वर एक धोंडा,
आणि महिनोन्‌महिने खालून ठिबकत राहिलेला
त्या दडपणाचा अर्क.
एकच चमचा, ती म्हणाली, जास्त घातलास
तर रात्रभर पाणी पीत बसशील.
मी दोन घातले. रात्रभर पाणी पीत बसले.

चौथ्या दिवशी सहज विचारलं,
तू पोहायला कधी जातेस?
तिनं हातातल्या सुरीनं खिडकी दाखवली.
खिडकीत बेसिलची कुंडी, कुंडीमागे समुद्र,
पानांतून दिसेल तेवढाच.
रोज बघते की, म्हणाली. तो काय कुठे पळून चाललाय?

अकरा उन्हाळे.
आधी नवऱ्याचं दुखणं, मग सुनेचं बाळंतपण,
मग पाहुणे, आणि पाहुणे, आणि
माझ्यासारखे,
ज्यांना डॉक्टरांनी समुद्र लिहून दिलेला असतो.
ती पायऱ्या उतरते. मासळीवाल्यापर्यंत जाते,
चर्चपर्यंत जाते.
तिथून पाणी चाळीस पावलं.
(हेही मीच मोजलं, तिनं नाही.)

सप्टेंबरातला सोमवार. कातेल्लो छत्र्या मिटवत होता,
एकेक निळा रंग कमी होत होता किनाऱ्यावरचा,
तेव्हा ती आली. कमरेला एप्रन तसाच.
कुणाशी बोलली नाही. सपाता काढून
कडेला जोडीनं ठेवल्या, दारात ठेवाव्या तशा.
एप्रनची घडी घातली. चष्मा माझ्या हातात दिला
आणि सुती झग्यानिशी सरळ आत गेली,
घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत,
झगा फुगला, तिनं दोन्ही हातांनी दाबला,
पुन्हा फुगला,
मग तिनं सोडून दिला.

मी तिचा चष्मा लावून पाहिला.
नंबर भलताच होता.
तिच्या नजरेतून मला काहीएक दिसलं नाही,
खारट डाग पडलेलं एक निळं धुकं
आणि त्यात एक डोकं, पांढरं,
उताणं, कान पाण्याखाली,
कुणी हाक मारली तरी ऐकू येणार नाही असं.
कातेल्लोनं शेवटची छत्री मिटवायचं थांबवलं.
ती उघडीच राहिली, संध्याकाळ झाली तरी,
खाली कुणीच नसताना.

किती वेळ, ते यावेळी मी मोजलं नाही.

बाहेर आली ती कुडकुडत, बोटं सुरकुतलेली,
केसांतून पाणी माझ्या पायांवर.
मला वाटलं आता काहीतरी बोलेल.
चष्म्यासाठी हात पुढे केला, डोळे बारीक करून वर पाहिलं
पायऱ्यांकडे, खिडकीकडे,
आणि म्हणाली,
वालांखालचा गॅस बंद केलास ना?

मी पळाले. सत्तावीस.
वाल तळाला लागले होते.
आम्ही ते तसेच खाल्ले,
खरवडून,
तिच्या केसांतलं पाणी अजून टेबलावर ठिबकत होतं.