पुंगळी कुठे पडते

धुळ्याच्या मुख्यालयात, कोतच्या मागच्या खोलीत,
मे महिन्यात लोखंडाला हात लावायचा
तर आधी ते ओल्या फडक्यावर ठेवावं लागतं.
टेबलावर तीन पुड्या.
तिन्ही स्प्रिंगा दिसायला सारख्याच, तेलकट,
फक्त टोकाला रंगाचा ठिपका.
पांढरी नरम, पिवळी मूळची, लाल कडक.

साहेब म्हणाले, लालच टाका सगळ्यांत,
कडक असलेली बरी.
गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते,
आणि गेल्या वर्षीही मी हो म्हटलं होतं.

पिस्तुलातली जुनी काढून नव्या पिवळीशेजारी उभी केली.
बोटाच्या एका पेराएवढी कमी भरली.
वेढे मोजले, तर तितकेच.
कमी झालं होतं ते दोन वेढ्यांमधलं अंतर.
आई शेवटी शेवटी अशीच
दाराच्या वरच्या कडीला पुरेनाशी झाली होती.

पोरं विचारतात, मॅगझिन भरून ठेवलं तर स्प्रिंग मरते का?
दाबून ठेवल्यानं तेवढी मरत नाही रे.
दाबली, सोडली, परत दाबली, त्यानं मरते.
नवापूर, शिरपूर, साक्री, परत धुळे,
एकोणीस वर्षांत मला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

बाकीचं शिकवलं धुडकूदादांनी.
अमळनेरकडचे, अहिराणीशिवाय बोलत नसत, तीही मोजकी.
“पिस्तूलले नको इचारू, भाऊ.
पुंगयीले इचार. ती खोटं बोलत नही.”
लळिंगच्या पायथ्याशी, फायरिंगच्या दिवशी,
सगळे निशाणाकडे बघत
आणि दादा जमिनीकडे.
पुंगळी लांब बाभळीत जाऊन पडली, तर स्प्रिंग थकली.
बुटापाशीच पडली, तर स्प्रिंग जास्त ताठ,
स्लाईड पुरती मागे येतच नाही, अर्ध्यात अडते.
उजव्या हाताला, जरा मागे, चार-पाच हातांवर:
मग दादा तंबाखू काढायचे.

प्रमिला वळवी, धडगावकडची, नोकरीत तिसरं वर्ष.
गेल्या वर्षी तीनदा अडकलं तिचं पिस्तूल.
शेऱ्यात लिहिलंय: मनगट कच्चे.
घरी पाण्याचे दोन हंडे चढावर नेणारं मनगट.
आज पहिल्या मॅगझिनला परत अडकलं,
आणि मी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
तिच्या हाताकडे न बघता खाली बघितलं.
पुंगळ्या बुटांभोवती,
चुलीपुढे सांडलेल्या शेंगांसारख्या.

पिस्तूल मागून घेतलं. झाडाखाली बसून उघडलं.
लाल ठिपका.
घासून फिका झालेला, पण लालच.
खिशातली पिवळी काढून बसवली.
बोटं तेलकट होती, दोनदा निसटली.

मग ती उभी राहिली आणि झाडत गेली.
चार हात. पाच हात. चार.
कुठे अडलं नाही.
साहेब म्हणाले, हं, सुधारली पोरगी.

संध्याकाळी मोजणी. पन्नास झाडल्या, एकोणपन्नास सापडल्या.
बाभळीखाली काड्या घालून झालं, चाळणीनं माती चाळून झाली.
ऊन उतरलं तरी दगड तापलेलेच.
शेवटी ती एका दगडावर टेकली, बूट काढला, उलटा केला.
“दादा, ही इथं होती.”
तळव्यावर धरून माझ्यासमोर उभी.
“बुटात कशी पडली असंल?”

सकाळचीच होती ती. पिवळीच्या आधीची.
उन्हात नुसतीच चमकत होती.

“स्प्रिंग लाल होती,” मी म्हटलं.
“गेल्या वर्षीही. मीच टाकली होती.”

ती काहीच बोलली नाही.
पुंगळी डब्यात टाकली, बुटाची नाडी बांधायला वाकली.
पन्नास, मी वहीत लिहिलं.

रात्री मागणीपत्र भरलं.
पिवळ्या साठ. पांढऱ्या दहा, जुन्या, झिजलेल्या तीन पिस्तुलांसाठी पुरून उरतील.
लालसमोर शून्य, गोल, ठळक.
मग तिचं पान उघडलं.
शेरा खोडायचा अधिकार मला नाही.
बदललेल्या सुट्या भागांच्या रकान्यात
बोटभर जागा असते.
तिथे बारीक अक्षरात लिहिलं:
स्प्रिंग बदलली. मनगट बरोबर होतं.
खाली सही केली, पूर्ण नावाची.