दर तासाला तीन प्रश्न

पीटरहेडच्या धक्क्यावर चाळीस वर्षं
हॅडकची पोटं फाडली मी, एफी बकन,
मिनिटाला नऊ.
माझंही कुणी इतक्या सफाईनं उघडेल
असं काही वाटलं नव्हतं.
वीतभर आतडं गेलं म्हणे.
कुठं टाकलं, विचारलं नाही.
आम्ही कुरवांना टाकायचो.

आता ॲबर्डीन, सहावा मजला.
हातात सुई, पंपातून लिडोकेन,
दाताचा डॉक्टर हिरडीत टोचतो तेच,
इथं रक्तातून फिरवतात
माझ्या वजनाला मोजून.
मॉर्फिननं आतडंही झोपतं, डॉक्टर ओकाफोर म्हणाले,
आपल्याला ते लवकर जागं हवंय.
दुखणं गेलेलं नाही.
शेजारच्या खोलीत जाऊन बसलंय,
अधूनमधून भिंतीवर टकटक करतं.

श्योना दर तासाला येते.
ओठ बधिर वाटतात?
जिभेवर लोखंडाची चव?
कानात काही वाजतंय?
नाही. नाही.
कानात तर सत्त्याऐंशी सालापासून
बर्फाचं यंत्र वाजतंय, ते धरायचं का?
ती हसत नाही. लिहून घेते.

रात्री तीनला चव आली.
सुरी दातात धरून दोन्ही हातांनी
क्रेट उचलायचे मी, अगदी तशी.
सांगितलं तर पंप बंद.
मधली भिंत पडणार.
पडून राहिले जीभ टाळूला लावून,
चोरीचा माल लपवावा तशी.
मग ओठ माझे वाटेनात.

श्योना आली. प्रश्न विचारायच्या आधी
माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
आहे, म्हटलं. चव आहे. मघापासून.

पंप थांबला. छातीला तारा.
कपाटातली एक दुधाळ पिशवी
उशाशी आणून ठेवली, लागलीच तर.
लागली नाही.
दुखणं मात्र आलं,
दार न वाजवता, चिखलाचे बूट घालूनच.
श्योनाचं मनगट किती आवळलं
ते तिलाच ठाऊक.

उजाडता उजाडता पोटात खोल कुठंतरी गुडगुड,
बोटीचं इंजिन सुरू होण्याआधी खोकतं ना, तशी,
आणि मग पांघरुणाखाली जे सुटलं
ते चारचौघांत जन्मात सोडलं नसतं मी.
श्योनानं चक्क टाळी वाजवली.
वेळ लिहिली : पाच वाजून अठरा.
माझी लेक जन्मली तेव्हाही
इतक्या आनंदानं कुणी घड्याळ बघितलं नव्हतं.

चहा मिळेल? मी विचारलं.
अर्धा कप, ती म्हणाली, आणि हळू.
पहिल्या घोटाला
अजून थोडं लोखंड लागत होतं.