तुलनेसाठी सहा

औषधाला अजून नाव नाही.
नुसता आकडा आहे: के सत्तर अकरा.
बारशाआधीचं बाळ, तसं सीलबंद पेटीत
मस्कतहून रुस्ताकला आलं,
सोबत परवाना, चार पानी, तीन शिक्क्यांचा.

झाडं चोवीस. दिवस नव्वद.
फलजच्या पाण्यापासून तीस मीटर लांब.
बकऱ्या बांधून ठेवाव्यात.
फळ कुणीही खाऊ नये,
मोजून, वजन करून, निरीक्षकासमोर पुरावं.

सोंड्या भुंग्याला यातलं काहीच
कळवलेलं नाही.

जात या रकान्याशी मी अडलो.
हमूद बिन सुलैम म्हणाले, लिही, खलास.
म्हटलं, आमच्याकडे हा शब्द
सगळं आटोपल्यावर म्हणतात.
ते हसले. आमच्याकडे पाहुणा आला की पुढे ठेवतात,
कहव्याच्या आधी.

मग बद्रिया बाईंनी चिठ्ठ्या काढल्या.
अठरा झाडांना औषध, सहांना नुसतं पाणी.
सुई तीच, भोक तेवढंच, आत पाणी.
ही सहा तुलनेसाठी, म्हणजे
किड्याला सरकारी परवानगीने दिलेली.

सतरा नंबर पाण्यात निघाला.
हमूद काही बोलले नाहीत. टोपी काढली, परत घातली.
मोतालेब पंप धुता धुता माझ्या कानाशी म्हणाला,
ते झाड म्हातारीने लावलंय, झुवैनाने,
त्यांच्या आईने. बदलून टाका की, साहेब,
पाणी काय आणि औषध काय, दोन्ही बिनरंगाचं.

खरंच, दोन्ही बिनरंगाचं.
बाटल्या माझ्याच हातात होत्या.
दापोलीत शिकलो तेव्हा सर सांगायचे,
तुलनेचं झाड खोटं निघालं
तर सगळा प्रयोग खोटा.
सरांना झुवैना माहीत नव्हती.

मी बदललं नाही.

आता जून. रात्री साडेअकरालाही
भिंतीला हात लागत नाही.
हमूद सतराच्या खोडाला कान लावून उभे असतात.
मला बोलावतात, ऐक.
मी ऐकतो. आत करकर, करकर,
जणू कुणी कोरडा पापड
आम्हाला कळू नये म्हणून हळू खातंय.

तक्त्यात पानांचा रंग आहे, डिंक आहे,
भोकांची संख्या आहे, दर आठवड्याचा फोटो आहे.
आवाजाला रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिलं: झाड क्र. १७, आवाज येतो.
बद्रिया बाईंनी वाचलं, पेन उचललं.
मला वाटलं, खोडणार.
त्यांनी विचारलं, किती वाजता?

आणि पुढच्या मंगळवारी गाडीतून उतरल्या
त्या फाइल न घेताच.
कानातली रिंग काढून हातात धरली,
आणि वाकल्या.