शंभरातले सात

कालपासून चहा नाही.
तेवढंच जड गेलं.
बाकी हर्षदाने फोनवर नीट सांगितलं होतं:
सैल पायजमा, कॅनव्हासचे बूट,
सोबत कुणीतरी, आणि छातीवरचे केस काढून या.

पट्टा सुरू झाला. आधी सपाट, मग चढ.
पांडवलेण्याच्या पायऱ्या मी शेवटच्या चढलो
धाकटीच्या लग्नाआधी.
इथे मुंबई नाक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, एसीत
त्याच पायऱ्या परत पायाखाली आल्या
आणि संपेचनात.
"निरभवणे काका, अजून एक मिनिट. छातीत काही?"
"थोडं आवळतंय," म्हणालो,
नव्या बुटाबद्दल सांगावं तसं.
तेवढ्यात तिने सुईतून काहीतरी सोडलं
आत जाऊन बातमी काढून आणणारं.

मग कॅमेऱ्याखाली, हात डोक्यामागे, हलायचं नाही.
एक फोटो दमलेल्या हृदयाचा,
तीन तासांनी एक निवांत हृदयाचा.

डॉक्टर शिरोडेंनी दोन्ही शेजारी शेजारी लावले.
नारिंगी कड्या, एकाखाली एक.
मी पुढे वाकलो.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे ताव तपासलेत;
शाई कुठे कमी पडली
हे मला दाखवावं लागत नाही.
"इथे," मी बोट ठेवलं. खालच्या अंगाला, निळसर.
डॉक्टर थांबले. "बरोबर."
उगाच बरं वाटलं.

"धावताना तिथे रक्त कमी पडतं,
बसल्यावर पोचतं. म्हणजे स्नायू जिवंत आहे."
मग चष्मा काढून म्हणाले,
"असे फोटो असलेल्या शंभर माणसांत
पाच वर्षांत सातेक जणांना मोठा झटका."

शंभर.
आमची गड्डीही शंभराचीच.
सात खराब निघाल्या तर सात बाजूला,
त्यांच्या जागी तारा छापलेल्या सात,
संध्याकाळी हिशेब चोख.
पण कुठल्या सात
ते आम्हाला माहीत असायचं, साहेब.

ते हसले नाहीत.
एक गोळी वाढवली, एक बदलली.
"सातांचे चार करता येतील. तीन, नशीब असेल तर.
कुठले, ते मलाही दिसत नाही."
दिवसभरात कुणी एवढं सरळ बोललं नव्हतं.

बिटकोला उतरलो.
रत्नप्रभाने पाकिटातून फिल्म काढली,
उन्हासमोर धरली. उलटी.
आरपार जेल रोडची बस गेली,
एक मोसंबीवाला, शाळेची दोन पोरं.
"कुठंय ते?"
"तुझा अंगठा आहे तिथंच."
ती अंगठा काढायला गेली.
"असू दे," म्हणालो.

टपरीवाल्याने दोन बोटं दाखवून विचारलं.
"एकच. साखर कमी," ती म्हणाली, "आणि दोन ग्लास."
घाई केली,
जीभ भाजली.