इतर

रबाळ्याला तिसऱ्या मजल्यावर बसून
मी दिवसभर रस्ता बघते,
पाच-पाच मीटरचा एकेक तुकडा.
गाडीच्या टपावरचा कॅमेरा मान खाली घालून फिरलेला असतो,
कानातली कुडी हरवल्यासारखा.

भेग दिसली की चौकट ओढायची.
उभी भेग, आडवी भेग, मगरपाठी.
खड्ड्याला लाल, थिगळाला निळी.
दिवसाला चारशे चित्रं, चुकलेली परत येतात.

मशीन अजून शिकतंय.
तारेची सावली त्याला भेग वाटते,
सांडलेलं ऑइल खड्डा.
दिवाळे गावात रस्त्याकडेला सुकत घातलेला जवळा
त्यानं दाखवला : खडी उघडी पडली, तीव्र.
नूतन मढवी खुर्चीतून पडेस्तोवर हसली.
म्हणाली, आईला सांगते,
तुझा जवळा आता महापालिका बुजवणार.

गाडी वाहिदभाई चालवतात.
कुरियन सरांनी शंभरदा बजावलंय,
सरळ चालवा, काही चुकवू नका.
पण एकवीस वर्षं टेम्पो हाकलेले हात ते,
खड्डा डोळ्यांना दिसायच्या आत वळतात.
म्हणून सगळ्यात खोल खड्डे
आमच्या चित्रांत काठावर, अर्धेच,
गटफोटोत उशिरा येऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखे.

तुर्भ्याच्या खाणीकडच्या रस्त्यावर मात्र
एक बरोबर मधोमध आलाय.
त्यात रोवलेली सुबाभळीची फांदी,
टोकाला लाल चिंधी,
बुडाशी तीन विटा, कलू नये म्हणून.
मशीन म्हणालं : झाड, एकसष्ट टक्के.

मी माउसवरचा हात काढला.
इथं कोणीतरी आमच्या आधी येऊन गेलंय.
पडून उठलेलं असेल,
किंवा दुसऱ्याला पडताना पाहिलेलं.
फांदी तोडायला कुठवर गेलं असेल?
विटा कुणाच्या?
चिंधी, जवळ जाऊन मोठी करून पाहिली,
बाळाच्या झबल्याची बाही होती.

यादीत याला नाव नाही.
मी 'इतर'मध्ये टाकलं.

आता 'इतर'मध्ये सदतीस झालीत.
फांद्याच जास्त. दोन टायर. चुना मारलेला दगड.
घणसोलीत पाय मोडलेली प्लॅस्टिकची खुर्ची,
खड्ड्यात नीट, वाहनांकडे तोंड करून ठेवलेली,
राखणीला बसलेलं माणूस
पाणी प्यायला उठून गेल्यासारखी.

सर म्हणतात, ती सगळी काढून टाक,
मशीन गोंधळतं.
उद्या काढते, म्हणते मी.
अकरा दिवस झाले.