आश्रित

घाला.
मराठीत किती हिंस्र वाटतं हे नाव.
मस्कतमध्ये ते गॅरेजांचं, टायरांच्या ढिगांचं,
आणि एका लांब भिंतीआड दाटीनं बसलेल्या चर्चांचं.
शुक्रवारी दोन ते साडेतीन, खोली चार, मराठी.
आमच्या आधी तगालोग, नंतर तेलुगू.
आधीच्यांच्या कॉफीचा वास असतो खोलीत,
नंतरच्यांची ढोलकी दारात खोळंबलेली.

आमच्या म्हणालो. तोंडातून गेलं.
नऊ वर्षं मी आत पाऊल टाकलं नव्हतं.
रिबकाला फाटकाशी सोडायचं,
कडुनिंबाखाली गाडी लावायची,
एसी चालू ठेवून झोपायचं.

मी इथे आलो तिच्या व्हिसावर.
ती नर्स, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची.
माझ्या कार्डावर छापलंय, पत्नीवर आश्रित.
राहुरीत माझे चुलते त्यावर पोटभर हसले.

ती म्हणायची, वरही असंच करीन.
दारात सांगीन, हा माझ्यासोबत आहे.
मी म्हणायचो, तिथला साहेब कागद मागेल.
म्हणायची, कागद रोज रात्री भरतेय मी,
तू घोरत असतोस तेव्हा.

मग ती रात्र झाली, तीन पेट्या रिकाम्या झाल्या त्याची.
सकाळी आली, बूट काढले, बुटांकडेच बघत बसली.
चहा दिला, त्यावर साय धरली.
शुक्रवारी तिनं साडी काढली नाही.
पुढच्याही शुक्रवारी नाही.
गायनपुस्तक फ्रिजवर, त्यावर विजेचं बिल.

मी समजावलं नाही. काय समजावणार?
ज्याच्याशी माझी ओळख नाही
त्याची बाजू कशी मांडायची?

दोन वाजता मात्र सवयीनं किल्ली उचलली.
कडुनिंबाखाली गाडी लावली. झोप लागेना.
आत गेलो, खिडकीकडची तिसरी खुर्ची, तिची.
कुणी बसू नये म्हणून बसलो.

पारखेबाईंनी विचारलं, रिबका?
म्हटलं, ड्यूटी.
देवळात पहिल्यांदा बोललो ते खोटं.

विश्वास ठेवायला मला येत नाही.
जागा ठेवता येते.
गावाकडे नाही का, बसच्या खिडकीतून रुमाल टाकतात,
माणूस मागून येतंय म्हणून सांगतात,
आणि भांडतात त्याच्यासाठी.

प्रभुभोजनाचं ताट आलं, मी पुढे सरकवलं.
माझं नव्हतं ते. पण हातातून जाताना
भाकरीचा वास आला, साधा, घरचा.

चार महिने झाले.
घरी येऊन मी सगळं सांगतो, तिनं विचारलेलं नसताना.
पाळकांचा माईक खरखरतो.
भांबळांच्या सुनेला दिवस गेलेत.
तुझ्यासाठी प्रार्थना झाली, नाव घेऊन.
ती भाजी निवडते. ऐकते की नाही, कळत नाही.

काल मात्र देठ मोडता मोडता म्हणाली,
गाणं कुठलं घेतलं?
आकडा आठवेना. चाल गुणगुणलो,
जशी कानात राहिली होती तशी.

दुसऱ्या ओळीला तिचा हात थांबला.
असं नाही रे, म्हणाली. वर नाही जायचं तिथे.
खाली यायचं.

आणि गायली नाही.
बोटानं हवेत फक्त दाखवलं, कुठून कुठे.